चष्मा पडल्यावर दिसलेलं लाल

१

चष्म्यांचं दुकान चालवणारे चष्मेवाले काका वळणावर पालथे पडलेले सापडले तेव्हा त्यांचा एक हात रस्ता चाचपत होता. पाय गुडघ्याखाली मोडला होता, कोपर सोलून निघालं होतं, पण पायाबद्दल ते चकार शब्द काढत नव्हते. "माझा चष्मा बघा हो कुणीतरी," एवढंच त्यांचं चाललं होतं. चष्मा त्यांच्या पायाशीच पडला होता, एक काच फुटलेली. धडक देणारा केव्हाच पसार झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार दारात येऊन उभे राहिले. वहिनी पुढे झाल्या. "एक ना एक दिवस या फटफट्या आपल्याला पोलिसांत नेणार," असं त्या घरात घसा फोडून सांगत आल्या होत्या. आता खरं ठरल्याचा आनंद मात्र काडीइतकाही झाला नाही.

"काका आज जरा बोलले," हवालदार म्हणाले. "दोनच गोष्टी सांगतात. एक, फटफट आवाज. दुसरी, काहीतरी लाल. आता असा आवाज करणाऱ्या सायकली या भागात किती, ते तुम्हीच सांगा."

वहिनींना सांगायची गरज नव्हती. तीन. तिन्ही त्यांच्याच अंगणातल्या शेडमध्ये जन्माला आल्या होत्या. वहिनींचा नवरा, धाकटे भाऊजी आणि नवऱ्याचा मित्र कंपाउंडर, या तिघा मोठ्या माणसांना साध्या सायकलवर इंजिन बसवायचं वेड लागलं होतं. कुणी गवत कापायच्या यंत्राचं इंजिन आणलं, कुणी पाण्याच्या पंपाचं. नवऱ्याने टाकी लालभडक रंगवली. भाऊजींची सायकल काळी, आणि टाकी इतकी चिमुकली की पेट्रोलचा डबा मागे कॅरिअरला बांधल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. वर तिघांनी एकेक अॅक्शन कॅमेरा घेतला होता. तो लावून फेऱ्या मारायच्या, व्हिडिओ करायचे आणि ते इंटरनेटवर टाकून बहुतेक वेळा आपणच बघायचे.

हे व्हिडिओ नीट कापून जोडायचं काम अर्थातच वहिनींच्या गळ्यात. त्या फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायच्या. दिवसभर लोकांची लग्नं कापायची आणि घरी येऊन यांचे खड्डे.

"तुमच्या यजमानांची टाकी लाल आहे," हवालदार म्हणाले.

नवरा शेडमधून हात पुसत आला. "मी वळणावर नव्हतोच. मी धरणावर गेलो होतो."

"कुणी पाहिलं?"

"नाही. चिटपाखरू नव्हतं तिथे."

"कॅमेरा तर होता ना डोक्यावर?"

"होता की. चालूच होता."

वहिनींनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. त्यात दोनच तुकडे निघाले. पहिल्यात आपल्याच घराचं फाटक, तेही डोळा लवेपर्यंत. दुसरा लांबलचक होता आणि त्यात नुसतं निळं आकाश होतं. हवालदारांनी ते आकाश भराभर पुढे पळवायला लावलं. शेवटपर्यंत आकाशच. फेरीचा पत्ताच नव्हता.

"पुसलंय," हवालदार म्हणाले. "उद्या सकाळी जबाब घ्यायला येतो."

ते जातात न जातात तोच फोन वाजला. नवरा शाळेची बस चालवायचा आणि फोन शाळेतून होता. पोलिसांत नाव गेलं तर त्याच्या हातात बस देता येणार नाही, आणि आरोप खरा ठरला तर पुन्हा कधीच नाही, असं पलीकडून स्पष्ट सांगितलं गेलं.

नवरा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून पाना शोधायला लागला.

२

"बरं?" वहिनींचं पित्त खवळलं. "अहो, नुसतं बरं?"

"मग काय म्हणू?"

"म्हणा की, मी नाही केलं!"

"मी नाही केलं," नवरा म्हणाला. पाठ केलेला धडा म्हटल्यासारखा.

फेरी पुसली गेलेली नाही, एवढं वहिनींना पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याची एक जुनी खोड होती. इंजिन सुरू करून तो डोक्यावरच्या कॅमेऱ्याचं बटण दाबायचा. इंजिनाच्या फटफटाटात कॅमेऱ्याची बारीक शिट्टी ऐकू यायची नाही, म्हणून खात्रीसाठी आणखी एकदा दाबायचा. म्हणजे चालू झालेला कॅमेरा बंद. मग अख्खी फेरी बंदच. पोचल्यावर तो बंद करायला म्हणून बटण दाबायचा, की चालू. हेल्मेट कुठेतरी उलटं ठेवलेलं असायचं आणि कॅमेरा इमानेइतबारे आभाळाकडे बघत बसायचा. वहिनींनी हे त्याला हात जोडून सांगितलं होतं, ओरडून सांगितलं होतं, एकदा कागदावर चित्र काढूनही दाखवलं होतं. तो म्हणायचा, असं कसं होईल.

म्हणजे ते निळं आकाश धरणावरचंच असणार. पण आकाशावर पत्ता लिहिलेला नसतो. कॅमेऱ्याच्या घड्याळाचाही उपयोग नव्हता, कारण बॅटरी काढली की ते वर्षाच्या पहिल्या दिवसावर जाऊन बसायचं.

"धरणावर खरंच कुणी नव्हतं?" त्यांनी पुन्हा विचारलं. "आठवा जरा. कुणीही. गुराखी, पहारेकरी."

"नव्हतं म्हटलं ना!" नवरा एकदम चिडला. तो सहसा चिडत नसे. चिडण्याचं खातं या घरात वहिनींकडे होतं.

ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, या माझ्या गुलाबाला कुणाची दृष्ट लागली? काल सकाळपर्यंत टवटवीत होता, आज पानं करपली बघ. मी तर दोन्ही वेळा पाणी घातलं."

"आई, इथे घराला आग लागलीय आणि तुमचं गुलाबाचं काय!" वहिनी म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या. शोधता शोधता त्यांना आठवलं की आपल्याला आता चपलाच नाहीत, आणि त्या आणखी वैतागल्या.

३

सासूबाईंच्या चपला दोन बोटं आखूड होत्या. त्या घालून वहिनी फटक फटक करत औषधाच्या दुकानात पोचल्या.

स्वतःच्या चपलांचा बळी अपघाताच्या आदल्या संध्याकाळी गेला होता. भाऊजींचा कॅमेरा हँडलला बांधलेला, त्यामुळे त्यांच्या व्हिडिओत कायम सगळं थरथरायचं. रस्ता, झाडं, माणसं, सगळंच जेलीसारखं हलायचं. "कॅमेऱ्याखाली रबर घाला, नाहीतर यापुढे मी तुमच्या व्हिडिओला हात लावणार नाही," अशी वहिनींनी तंबी दिली होती. भाऊजींनी रबर घातलं. कुठून आणलं, ते वहिनी चपला शोधायला लागल्यावर कळलं. भाऊजींनी लगेच गल्लीत एक चक्कर मारून व्हिडिओ दाखवला होता. चित्र ताठ उभं होतं. चपला गेल्याचं दुःख होतं, पण काम झालं होतं हे वहिनींना मान्य करावं लागलं होतं.

कंपाउंडर गल्ल्यामागे उभा होता. त्याच्या मागच्या खुंटीवर त्याचं हेल्मेट लटकत होतं. लालबुंद.

"बघताय काय वहिनी?" तो कुरकुरला. "हवालदारही असेच बघून गेले. मी काल गाडी चालवलीच नाही. चेन तुटली, ढकलत आणली. व्हिडिओ आहे, बघा."

वहिनींनी गिऱ्हाइकं चुकवत तिथेच मोबाइलवर तो व्हिडिओ पाहिला. कॅमेरा त्याच्या छातीवर होता. समोर हँडल, ढकलणारे दोन हात, आणि वर अखंड बडबड. चेनला शिव्या, चेन विकणाऱ्याला शिव्या, सूर्याला शिव्या. वाटेत भाजीवाली हसली, दूधवाल्याने "आज पायीच का?" म्हणून विचारलं, तर त्यालाही शिव्या. इंजिनाची एकही फटफट नव्हती. असा कंटाळवाणा व्हिडिओ खोटा करण्याइतकी चिकाटी कंपाउंडरकडे नाही, हे वहिनींना माहीत होतं.

घरी परतल्या तर भाऊजी वाटच बघत होते. न विचारताच त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. "माझा कालचा व्हिडिओ, वहिनी. मी तर उलट्या दिशेला होतो, कारखान्याच्या रस्त्यावर. हवालदारांनाही दिलाय."

वहिनी बघायला बसल्या. कारखान्याची भिंत थरथरत गेली, विजेचे खांब थरथरत गेले, एक कुत्रा थरथरत भुंकला. त्यांचं डोकं दुखायला लागलं. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. त्यांनी ते डोकेदुखीच्या नावावर टाकलं.

"दादाचं काही होणार नाही ना?" भाऊजींनी विचारलं. त्यांनी दाढी केली नव्हती, जेवणाचं ताटही तसंच पडून होतं. पुढच्या महिन्यात त्यांची लांबच्या कारखान्यात नोकरी सुरू होणार होती. आनंदात असायला हवे होते.

"होईल की," वहिनी म्हणाल्या. "त्यांची बस जाईल. मुलांना ने-आण करण्यावाचून त्यांना दुसरं काही आवडत नाही, ते जाईल. तुम्ही जेवा."

भाऊजी उठून गेले.

४

दवाखान्यात काकांचा पाय वर टांगलेला होता. नाकावर तोच चष्मा, फुटलेल्या काचेला चिकटपट्टी. आयुष्यभर लोकांना दिसावं म्हणून धडपडणारा हा माणूस एका डोळ्याने वहिनींकडे बघत हसला.

"ये. नवऱ्यासाठी आलीस ना?"

"काका, लाल काय दिसलं ते मला नीट सांगा. आधी दिसलं की नंतर?"

"म्हणजे?"

"धडक बसायच्या आधी, की पडल्यावर?"

काका विचारात पडले. "आधी काहीच दिसलं नाही. मागून आला ना तो. मी पडलो, चष्मा उडाला. मान वर केली तेव्हा सगळं धुरकट. त्यात एक लाल ठिगळ. ते लहान लहान होत गेलं आणि वळणाआड नाहीसं झालं."

"किती उंचीवर होतं? डोक्याच्या?"

"छे, छे. खाली. बसायच्या सीटच्या मागे वगैरे."

वहिनी ताडकन उठल्या. इतका वेळ सगळे लाल टाकीच्या मागे लागले होते, पण टाकी असते चालवणाऱ्याच्या गुडघ्यांमध्ये. सायकल पाठमोरी लांब जात असेल तर माणसाची पाठ दिसेल, मागचं चाक दिसेल, टाकी दिसणं शक्यच नाही. हेल्मेट दिसलं असतं, पण ते वर, डोक्यावर. लाल जे होतं ते सीटच्या मागे होतं. म्हणजे कॅरिअरवर.

"काका, हे हवालदारांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही. लाल म्हटल्याबरोबर ते लिहायला लागले." काकांनी चष्मा सारखा केला. "आणखी एक गोष्ट आहे. ती मी कुणालाच सांगितलेली नाही. ज्याने हे केलं तो समोर आला, तर त्यालाच सांगेन."

५

वहिनी फाटकातून आत आल्या तेव्हा सासूबाई गुलाबाला पाणी घालत होत्या.

सासूबाईंच्या हातात प्लास्टिकचा चौकोनी डबा होता. लाल.

"आई, हा डबा कुठून आला?"

"धाकट्याने दिला. काल सकाळी फिरून आला तो हा घेऊनच. म्हणाला, तुझी झारी गळते ना, हा घे, धुऊन आणलाय. माझी झारी गळते हे त्याला कसं गं लक्षात राहिलं? तुम्ही सगळे म्हणता, त्याचं घरात लक्ष नसतं."

वहिनींनी डब्याच्या तोंडाशी नाक नेलं. साबणाच्या खालून पेट्रोलचा वास आला. गुलाबाला कुणाची दृष्ट लागली होती, ते कळलं.

त्या तशाच कॉम्प्युटरपुढे जाऊन बसल्या आणि भाऊजींचा व्हिडिओ पुन्हा लावला. भिंत थरथरली, खांब थरथरले, कुत्रा थरथरला. वहिनींनी नकळत पायातल्या आखूड चपलांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

कालच्या सकाळी हा कॅमेरा थरथरायलाच नको होता. त्याच्याखाली त्यांच्या चपला होत्या! हा व्हिडिओ रबर घालण्याच्या आधीचा होता, कुठल्यातरी जुन्या फेरीचा. भाऊजींनी रस्ता वेगळा निवडला, उजेड सकाळचा निवडला, सगळं अक्कल लढवून केलं. पण जो माणूस कायम थरथरता व्हिडिओ काढत आला, त्याला आपलं चित्र आता हलत नाही, हे आठवलंच नाही.

राग यायला हवा होता, पण आधी रडू आलं. या पोराला त्यांनी सायकल शिकवली होती, तेव्हा तिला इंजिन नव्हतं.

एक गोष्ट मात्र अजून जुळत नव्हती. नवरा निर्दोष होता. मग निर्दोष माणूस साक्षीदार आठवायला सांगितल्यावर चिडतो कशाला? वहिनींनी त्याचं कार्ड लावलं. त्या नेहमी आवाज बंद ठेवूनच काम करायच्या, कारण इंजिनाने कान किटायचे. हवालदारांसमोरही आवाज बंदच होता. धरणावर कुणी होतं की नाही, हे आकाश दाखवू शकत नव्हतं. पण ऐकवू शकत होतं.

त्यांनी आवाज वाढवला.

६

आधी वारा. मग एक घोगरा आवाज. "डोक्याला हे काय लावलंय, साहेब?"

"कॅमेरा आहे," नवऱ्याचा आवाज. "तुम्ही इथले पहारेकरी ना? बसा की. बायको फार चिडते या सगळ्यावर. पण व्हिडिओ तीच करते. तिच्या हाताला तोड नाही."

धरणावर चिटपाखरू नव्हतं म्हणे! वहिनी खुर्चीत सरळ झाल्या. तेवढ्यात आकाशाखाली कुठेतरी फोन वाजला.

"हां, बोल... काय?... कुठे? वळणावर?... चष्मेवाले काका? जिवंत आहेत ना?... माणसं धावताना दिसली ना? मग तू थांबू नकोस. घरी जा. कुणाला काही बोलू नकोस. मी आहे ना. रडू नकोस, मी बघतो सगळं."

वहिनींनी आवाज बंद केला नाही. मागे वळल्या तर नवरा दारात उभा होता आणि त्याच्यामागे, भिंतीला टेकून, भाऊजी.

"हे बंद होतं," नवरा पुटपुटला. "मी बंद केला होता."

"तुम्ही बंद केलंत की तो चालू होतो!" वहिनी ओरडल्या. "दोन वर्षं सांगतेय!"

"तो लहान आहे गं. नोकरी जाईल त्याची."

"तीस वर्षांचा घोडा आहे! आणि तुमची बस? आणि मी? मी दुपारपासून दुसऱ्याच्या चपला घालून दारोदार फिरतेय, तुम्ही खरे आहात हे सिद्ध करायला, आणि तुम्ही पाना शोधताय!" त्यांचा आवाज फाटला. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही म्हणून मी तुमच्यावर विश्वास टाकते. मला तरी सांगायचं होतंत."

उत्तर भाऊजींनी दिलं.

"दादाला बोलू नका, वहिनी. संध्याकाळी सांगेन म्हटलं, सांगितलं नाही. मग सकाळी म्हटलं. मग हवालदार आले आणि त्यांनी दादाचंच नाव घेतलं. मग तोंडच उघडेना."

"हवालदारांकडे उद्या तुम्ही स्वतः जायचं," वहिनी म्हणाल्या. "मी हे कार्ड दाखवायची वेळ आणू नका. पण आत्ता चला. आधी काकांकडे."

७

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भाऊजी पलंगाच्या कडेला उभे होते, मान खाली घालून. वहिनी आणि नवरा दारात.

"थांबला होतास," काका म्हणाले.

भाऊजींनी दचकून वर पाहिलं.

"मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. फटफट आवाज थोडा वेळ एका जागी होता. मी म्हटलं, 'बाबा रे, तेवढा चष्मा दे.' मग आवाज लांब गेला." काकांनी चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. "ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पडणं-पाडणं होतं रे, माझं रागावणं त्यासाठी नाही. चष्मा माझ्या पायाशी होता. तो उचलून हातात दिला असतास, तर मी हवालदाराला शब्दानेही सांगितलं नसतं."

भाऊजी तिथेच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. काकांनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाले, "उद्या पोलिसांचं उरकलं की माझ्या दुकानात जा. डाव्या काचेचा नंबर लिहून देतो."

हवालदारांनी नवऱ्याला मनसोक्त झापलं, भाऊजींवर गुन्हा दाखल केला आणि कारखान्यातली नोकरी पुढे ढकलली गेली, बहुधा कायमची. शाळेतून फोन आला. बस नवऱ्याकडेच राहिली. पहिल्या दिवशी बस फाटकापुढून नेताना त्याने उगाचच हॉर्न वाजवला. वहिनी खिडकीत गेल्या नाहीत. तीन दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळी त्या कार्ड साफ करायला बसल्या. आकाशाचा तुकडा लावला. वारा, पहारेकरी, आणि मग, "तिच्या हाताला तोड नाही." त्यांनी चित्र थांबवलं. पुढे फोन वाजणार होता. इथे कापलं की आधीचं ठेवता येईल आणि नंतरचं पुसता येईल. काम अगदी सोपं होतं, स्टुडिओत त्या दिवसातून शंभरदा करायच्या. त्यांनी कापायची जागा धरली आणि हात तसाच राहिला. दोन्हीकडचा आवाज एकाच माणसाचा होता.

त्यांनी तुकडा आहे तसा ठेवला आणि कॉम्प्युटर बंद केला.

"अहो," त्यांनी खिडकीतून हाक मारली, "चहा टाकू का?"

शेडमध्ये नवरा डोक्यावर हेल्मेट घालून इंजिनावर वाकला होता. फटफटाटात त्याला काही ऐकू गेलं नाही. त्याने हात वर केला, कॅमेऱ्याचं बटण दाबलं, आणि खात्रीसाठी आणखी एकदा दाबलं.

"अहो!" वहिनी किंचाळल्या, आणि आखूड चपला पायात सरकवून बाहेर धावल्या.